हाफ तिकिटाच्या मेंढ्या

पल्लवीने घरी मेंढ्या आणल्या ते २००४ साल. तोवर धसईजवळच्या त्या गावात मेंढी कुणी पाळली नव्हती. दिवाळीनंतर धनगर माळशेज उतरून यायचे आणि पावसाच्या तोंडावर परत घाट चढून जायचे. मधल्या दिवसांत मेंढ्या दिसायच्या त्या लांबून, कापणी झालेल्या खाचरांत बसलेल्या. जवळून बघायचा योग आला तो जयराम कंडक्टरच्या मुलीमुळे.

जयराम एसटीतून रिटायर झाला होता, पण एसटी काही त्याच्यातून गेली नव्हती. घरात पाहुणे जास्त झाले की तो "जरा पुढं सरका, पुढं जागा हाय" म्हणायचा. पल्लवी त्याची एकुलती एक मुलगी. मुंबईत शिकून ती जनावरांची डॉक्टर झाली होती आणि आता त्याच्या पुढची पदवी करत होती. तिच्या संशोधनाचा विषय असा होता, की गाभण मेंढीला अर्धपोटी ठेवलं तर पोटातल्या कोकराचं यकृत कसं वाढतं. कॉलेजच्या गोठ्यात तिला जागा मिळायला हवी होती. पण तिथे दुसऱ्या एका विद्यार्थ्याचं बदकांवर संशोधन चाललं होतं आणि ती बदकं दुसऱ्या कुणालाच आत येऊ देत नव्हती. एकदा तर त्यांनी तिच्या गाइडच्या, वर्तक सरांच्या, धोतराएवढ्या ढगळ पँटीला दोन्ही बाजूंनी धरलं होतं. त्या दिवशी सर पल्लवीला म्हणाले, "तुमचं गाव आहे ना? मेंढ्या तिकडेच ठेवा. मी वजनाचे आकडे बघेन आणि शेवटी सोनोग्राफीचं यंत्र घेऊन येईन."

अशा रीतीने धनगराकडून आठ गाभण मेंढ्या घेतल्या गेल्या आणि जयरामच्या गोठ्यात आल्या. पल्लवीने चार मेंढ्यांच्या गळ्यात लाल रिबिनी बांधल्या, चारांच्या गळ्यात निळ्या.

"हे कशाला?" तिची आई धोंडाबाई हातातलं सूप खाली ठेवून म्हणाली.

"लाल रिबिनीवाल्यांना पोटभर खायला. निळ्या रिबिनीवाल्यांना त्याच्या निम्मं."

धोंडाबाईने निळ्या रिबिनीकडे बघितलं, मग ओट्यावरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे बघितलं, मग मुलीकडे.

"उपाशी ठेवायला तुला निळीच गावली?"

पल्लवीने गुपचूप निळ्या रिबिनी सोडल्या आणि पिवळ्या बांधल्या. जयराम हे सगळं बाजेवरून बघत होता.

"म्हंजे लाल त्या फुल आणि पिवळ्या त्या हाफ," तो म्हणाला.

"हो बाबा. तसंच."

"मग तसं सांग ना. रिबिनी काय दाखवतेस!"

तेव्हापासून त्या मेंढ्यांचं नाव गावभर तेच पडलं. फुल तिकिटाच्या आणि हाफ तिकिटाच्या.

दोन दिवसांनी शेजारची भिमी विरजण मागायला आली. तिच्या आणि जयरामच्या घरात अंतर नव्हतंच, भिमीच्या स्वयंपाकघराचा मागचा कूड आणि जयरामच्या गोठ्याचा कूड एकच, कारवीचा, शेणाने सारवलेला. भिमीने मेंढ्यांच्या रिबिनी बघितल्या आणि पल्लवीला विचारलं, "हे काय चाललंय गो?"

पल्लवी वजनकाटा टांगत होती. काट्याची दोरी दातांत धरूनच ती बोलली, "मेंढी उपाशी राहिली तर कोकराच्या यकृताचं काय होतं ते बघायचंय, मावशे."

"यकृत म्हंजे?"

"काळीज गं."

पुढे पल्लवी असंही म्हणाली, की मटणाच्या दुकानात कलेजी मिळते ना, तेच ते. पण तेवढ्यात एक फुल तिकिटाची मेंढी अशी जोरात शिंकली की भिमीला ते काही ऐकू आलं नाही. आणि आलं असतं तरी तिचं लक्ष नव्हतं. ती एकदम दाराची चौकट धरून उभी राहिली होती.

"म्हंजे आई उपाशी असली तर पोराचं काळीज बारकं ऱ्हातं?"

"तसंच दिसतंय. तेच तर तपासायचंय."

भिमी विरजण न घेताच निघून गेली.

तिला कारणही तसंच होतं. तिचा मुलगा हनुमान धसईच्या भातगिरणीवर कामाला होता. पोती दोन-दोन उचलायचा. पण अंगणात कोंबडा आला की ओट्यावर चढून बसायचा. लहानपणी बसला तर लोक हसले, पण तो लग्न झाल्यावरही बसायचा. खुद्द त्याच्या लग्नात मांडवाच्या तोंडाशी कुणाचा तरी कोंबडा आडवा आला, तर नवरदेव बाशिंगासकट मामाच्या कडेवर चढला होता. नाव हनुमान ठेवून पोरगं असं निपजलं, याचा भिमीने आजवर स्वतःलाच दोष दिला होता. आता तिला खरा गुन्हेगार सापडला. हनुमान पोटात असताना तिची सासू तिला अर्धीच भाकरी द्यायची! सासू मरून बरीच वर्षं झाली होती. पण भिमीने अंगणात उभी राहून, आभाळाकडे तोंड करून, तिला मनसोक्त शिव्या दिल्या. शिव्या संपल्या तेव्हा तिला फार हलकं वाटलं.

मग ती घरात वळली आणि तिला तिची सून दिसली. हर्षाली. डोळखांबकडची, काटकुळी, चार-पाच महिन्यांची पोटुशी. आणि भिमीला आठवलं की आपणही हिच्या ताटातली भाकरी हिशेबाने वाढतो.

त्या दिवसापासून हर्षालीचे दिवस फिरले. सकाळी नाचणीची आंबील, तिच्यावर तांदळाची भाकरी, भाकरीवर वालाची उसळ, उसळीवर सुकट, मधल्या वेळेला डिंकाचे लाडू. भिमी समोर मांडी ठोकून बसायची.

"खा."

"आत्ये, आता नाय जात."

"तुझ्यासाठी नाय सांगत. काळजासाठी खा. माझा नातू कोंबड्याला भिला नाय पायजे."

पहिले काही दिवस हर्षालीला मजा वाटली. सासरी आल्यापासून तिला कुणी दुसऱ्यांदा वाढलं नव्हतं. पण पुढे तिला घशाशी यायला लागलं, रात्री आडवं होता येईना, आणि लाडवाचा डबा दिसला की डोळ्यांत पाणी यायला लागलं. एका दुपारी भिमी ताक आणायला वळली तेव्हा हर्षालीने चुलीमागच्या कुडाला पडलेल्या भोकातून अर्धी भाकरी पलीकडे सरकवली. पलीकडून मऊ ओठांनी ती हळूच ओढून घेतली. हर्षालीला इतकं बरं वाटलं की तिने उरलेली अर्धीही दिली.

त्या भोकाच्या पलीकडे हाफ तिकिटाच्या मेंढ्या बांधलेल्या होत्या.

आता ही एक गोष्ट झाली. दुसरी अशी, की धोंडाबाईला पोटुशा बाईला उपाशी बघवायचं नाही, आणि मेंढीला ती बाईच समजत होती. पल्लवी ओढ्यावर आंघोळीला गेली की ती मोठ्या टोपातली पेज हाफ तिकिटांपुढे ठेवायची आणि पदराने त्यांची तोंडं पुसायची, म्हणजे मिशीला पेज दिसायला नको.

तिसरी गोष्ट जयरामची. दर गुरुवारी पल्लवी कॉलेजला जायची. पहाटेची मुरबाडची गाडी, तिथून कल्याण, तिथून पुढे. त्या दिवशी मेंढ्यांना पेंड आणि चारा घालायचं काम जयरामचं. तिने निम्मं माप वेगळं करून, त्यावर खडूने रेघ मारून दिली होती. जयराम ते माप हातात घेऊन हाफ तिकिटांसमोर उभा राहायचा आणि त्याचं मन त्याला खायला उठायचं. उभी नोकरी त्याने हाफ तिकिटं फाडली होती. पण हाफ तिकीटवाल्याला कधी अर्धी सीट दिली होती का? अर्ध्या रस्त्यात उतरवलं होतं का? तिकीट हाफ असलं तरी प्रवास पुराच असतो. तो माप शिगोशीग भरायचा आणि वर आणखी एक मूठ टाकायचा. हाफवाल्यांना नेहमी उभं राहायला लागतं, त्याबद्दल.

तिघांपैकी प्रत्येकाला वाटत होतं की हे आपण एकटेच करतोय.

पल्लवीने वजनं केली तेव्हा तिचा काट्यावर विश्वास बसेना. तिने तांदळाचं पोतं टांगून बघितलं. काटा बरोबर. जयराम स्वतः लोंबकळून बघायला तयार झाला, तेव्हा तिने त्याला आवरलं. हाफ तिकिटाच्या मेंढ्या फुलवाल्यांपेक्षा जड झाल्या होत्या. त्यांची लोकर चमकत होती. फुलवाल्या बिचाऱ्या नियमाने मिळेल तेवढंच खात होत्या आणि हाफवाल्यांकडे बघत होत्या.

"आई, यांना कुणी काही देत नाही ना?"

"कोण देनार गो?" धोंडाबाई चुलीत फुंकर घालत म्हणाली. धूर नसतानाही तिने डोळे पुसले.

पल्लवीने हाफवाल्यांचा चारा आणखी कमी केला. ते बघून धोंडाबाईने पेजेत गूळ घातला, जयरामने दोन मुठी वाढवल्या, आणि हर्षालीकडे तर तोवर भिमीने अळिवाचे लाडूही सुरू केले होते. पुढच्या वजनाला हाफ तिकिटाची एक मेंढी काट्याच्या झोळीतून खाली उतरायलाच तयार होईना. तिला चालायचा कंटाळा आला होता.

पल्लवी आकडे घेऊन सरांकडे गेली. वर्तक सरांनी ते दोनदा बघितले, चष्मा काढला, आणि परत बघितले.

"जितकं कमी खायला घालतोय तितकी जास्त वाढतायत?"

"सर, माझी कुठेतरी चूक होतेय."

"चूक असेल तर ती निसर्गाची आहे, पल्लवी! हे कुणाला बोलू नका. मी फक्त दिल्लीला एक फोन करतो."

पुढच्या आठवड्यात सर कॉलेजची जीप आणि सोनोग्राफीचं यंत्र घेऊन गावात आले. लोडशेडिंग होतं, म्हणून यंत्र जीपच्या बॅटरीवर लावलं. अंगणात माणसांची गर्दी झाली, सिद्धगडाच्या बाजूच्या पाड्यांवरूनही बाया पोरांना घेऊन आल्या. काळीज टीव्हीवर दिसणार, अशी बातमी पसरली होती. भिमी सगळ्यांच्या पुढे होती. हनुमान ओट्यावर होता, कारण गर्दीत कुणाच्या तरी काखेत कोंबडा होता.

सरांनी आधी फुल तिकिटाची मेंढी घेतली. पोटावर गार चिकट औषध लावलं, यंत्र फिरवलं. पडद्यावर पावसाळी ढगासारखं काहीतरी हललं.

"हे कोकराचं काळीज," सर म्हणाले.

"आऽऽ," सगळे म्हणाले. कुणालाच काही दिसलं नव्हतं.

मग हाफ तिकिटाची घेतली. चौघांनी धरून आणली. सरांनी यंत्र फिरवलं आणि पडद्याला जवळजवळ नाकच लावलं. "मोठं आहे. पहिल्यापेक्षा मोठं आहे! पल्लवी, बघा, आई अर्धपोटी आणि हे... मी तीस वर्षं जे शिकवलं ते..." त्यांनी रुमाल काढला.

भिमीला तेवढंच हवं होतं. "सायेब, आमच्या हनुमानाचं पन बघा ना काळीज. किती बारकं हाय ते एकदा कळू दे."

"मावशे, ते यंत्र जनावरांचं आहे," पल्लवी म्हणाली.

"आनि माझं पन बघा," हर्षाली पुढे सरली.

सरांनी यंत्र छातीशी धरलं आणि दोन पावलं मागे गेले. "बाईच्या पोटाला अजिबात नाही! कायदा आहे. माझी नोकरी जाईल." पण त्या दिवशी ते एवढे खुशीत होते की भिमीला पुरतं नाराज करणं त्यांच्या जिवावर आलं. "मुलाचं बघतो. गंमत म्हणून."

कोंबड्याला डालग्याखाली झाकल्यावर हनुमान बाजेवर आडवा झाला. गार औषध पोटाला लागताच तो असा किंचाळला की फुल तिकिटाच्या दोघी खाली बसल्या. सरांनी बरगडीखाली यंत्र फिरवलं, थांबले, परत फिरवलं.

"किती बारकं हाय?" भिमीने डोळे मिटून विचारलं.

"बारीक कसलं? चांगलं मोठं आहे."

भिमीने डोळे उघडले. "मोठं?"

"जरा जास्तच मोठं."

"आयकलं का रे!" भिमी गर्दीकडे वळली. "माझ्या पोराचं काळीज लय मोठं हाय! सायेबांनी सांगितलं!" बाया तिच्याभोवती जमल्या. मेलेल्या सासूला तिने तिथल्या तिथे माफ केलं.

सर मात्र पडद्याकडेच बघत होते. "माणसाचं मला कळत नाही," ते हळूच म्हणाले, "पण बैलाचं यकृत असं दिसलं असतं, तर मी विचारलं असतं की हा बैल काय पितो."

हे फार हळू म्हटलेलं होतं, पण हर्षालीने ऐकलं.

"काय पितोस?" तिने विचारलं.

हनुमान पोटावरचं औषध पुसायला लागला.

"मी इचारते, काय पितोस?"

"मोहाची," हनुमान म्हणाला. "गिरनीवर. थोडीशीच. रोज नाय." मग तो आणखी खालच्या आवाजात म्हणाला, "घरी येताना वाटेत पाटलाचा कोंबडा असतो. प्यायलं का भ्या वाटत नाय."

हर्षाली तरातरा घरात गेली. तिच्या हातातल्या बांगड्या वाजल्या, आणि त्या आवाजासरशी अंगणातल्या चारही हाफ तिकिटाच्या मेंढ्यांनी माना वर केल्या. ज्या मेंढीला चालायचा कंटाळा होता ती सगळ्यांत पुढे पळाली. धरणारे चौघे चार दिशांना पडले. एकीच्या पायात यंत्राची वायर अडकली, यंत्र पेंढ्यात पडलं, सर यंत्रावर पडले. मेंढ्या गोठ्यात घुसल्या आणि मागच्या कुडाशी जाऊन, एकमेकींना ढकलत, भोकाला तोंड लावून ओरडायला लागल्या.

पल्लवी त्यांच्यामागे धावली. तिच्यामागे सर, त्यांच्यामागे गाव.

सगळ्यांच्या देखत भोकातून एक हात बाहेर आला. हातात डिंकाचा लाडू होता. पलीकडून हर्षालीचा रडका, चिडका आवाज आला, "घ्या गो बायांनो. तुमी तरी खा. आनि पुरुषाच्या जातीवर कदी भरवसा ठेवू नका."

लाडू चावल्याचा आवाज तेवढा येत होता.

"लाडू?" पल्लवी म्हणाली.

"लाडू देते ही?" धोंडाबाईने तोंडावर हात ठेवला. "मी तर निस्ती पेज देते."

"पेज?" जयराम म्हणाला. "तू पेज देतेस? मग मी कशाला माप भरून..." आणि त्याने जीभ चावली. पण उशीर झाला होता.

वर्तक सर पेंडीच्या पोत्यावर बसले. त्यांच्या शर्टाला पेंढा चिकटला होता.

"मी दिल्लीला सांगून बसलोय," ते म्हणाले.

लोक हळूहळू पांगले. धोंडाबाईने सरांना जेवायला वाढलं. सर कमी जेवले, तर तिने आग्रह केला नाही. तेवढी तिला त्या दिवशी लाज वाटत होती.

पल्लवी मागच्या दारी दगडावर बसली होती. धोंडाबाई तिच्या शेजारी येऊन बसली.

"लय नुकसान केलं का गो तुझं?"

"सगळं पहिल्यापासून करायला लागेल, आई. तुला मी सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतंस." धोंडाबाई पदराच्या टोकाला गाठ मारत राहिली. "तू पोटात होतीस तवा मी लोकांच्या लावनीला जायची. सकाळी जे काय असंल ते खाऊन चिखलात उभी ऱ्हायची ते सांजपर्यंत. तुझ्या बापाला तवा नोकरी नव्हती. तू झालीस ती येवढीशी. सुईन म्हनाली, मांजराचं पिल्लू. मला त्या पिवळ्या रिबिनी बघवंना गो."

पल्लवीने आईकडे बघितलं. हे तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

"माझं पण काळीज बारीक राहिलं असेल मग," ती म्हणाली. "पोटातल्या जिवाला खायला कमी पडलं ना, की शरीर आधी मेंदूचं बघतं. काळजाचं मागे राहतं."

"मेंदूला मिळतं ना पन?"

"मिळतं. आधी त्यालाच."

"मग चांगलंच झालं की," धोंडाबाई म्हणाली. "म्हनून तर पास होत गेलीस."

पल्लवीला रागवायचं होतं. तिने प्रयत्नही केला. पण तिला हसू आलं ते आलंच, आणि मग आईलाही आलं.

मेंढ्या फाल्गुनात व्यायल्या. फुलवाल्यांची कोकरं ठीकठाक झाली. हाफवाल्यांची एवढी मोठी निघाली की दोघींच्या वेळी पल्लवीला कोपरापर्यंत हात घालून ओढायला लागलं, आणि पाय धरायला जयराम. कोकरं ज्यांनी बघितली ते म्हणाले, ही वासरं आहेत. पावसाच्या आधी धनगर परत घाटाकडे निघाला तेव्हा तो आपल्या मेंढ्या बघायला वाकडी वाट करून आला. पिवळ्या रिबिनीच्या मेंढ्या आपल्याच, हे त्याने शेवटपर्यंत मान्य केलं नाही.

हर्षालीला मुलगी झाली. हनुमानाची पिण्याची सवय हर्षालीने सोडवली. कोंबड्याची भीती सुटेना, तेव्हा तिने पाटलाकडून तो कोंबडा विकत घेतला आणि रविवारी शिजवला. हनुमान दोनदा रस्सा घेऊन जेवला, पण टोपाचं झाकण त्याने दुसऱ्याला उघडायला लावलं.

बदकांचं संशोधन संपल्यावर पल्लवीला कॉलेजात जागा मिळाली. तिने नव्या मेंढ्या घेतल्या, गोठ्याला कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात घातली. त्या वेळी सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं झालं. अर्धपोटी मेंढ्यांच्या कोकरांचं यकृत लहान भरलं. शेवटचं माप घेऊन झालं त्या दुपारी पल्लवीने पिवळ्या रिबिनी सोडल्या, पेंडीचं पोतं त्यांच्यापुढे उपडं केलं आणि तिथेच बसून त्या खाताना बघत राहिली.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "पहिल्या वर्षीचे आकडे कुठे आहेत?"

"पहिल्या वर्षी जनावरं प्रयोगाला लायक राहिली नाहीत, सर," पल्लवी म्हणाली.

"आजारी पडली?"

"आजारी नाही म्हणता येणार."

वर्तक सर खिडकीतून बाहेर बघत होते.

निकाल घेऊन ती गावी आली तेव्हा उन्हं कलली होती. घराला कडी होती. ती तशीच, बॅग खांद्याला लावून, शेतात गेली. धोंडाबाई वालाच्या शेंगा तोडत होती. पल्लवीने पेढ्यांचा बॉक्स उघडला. आईचे हात मातीने भरले होते, म्हणून तिने नुसतं तोंड पुढे केलं. पल्लवीने पेढा भरवला.

धोंडाबाईने तो सावकाश खाल्ला, ओठ जिभेने पुसले आणि परत तोंड पुढे केलं.

"अजून एक दे गो," ती म्हणाली. "दुपारची जेवले नाय मी."